मार्चपासून खाज जात नाही, अंगावरून पांढरं जातंय. याचा साखरेशी संबंध असतो का?

मांजराकाठची (जि. लातूर), रात्री ११:४०

सगळ्यांना नमस्कार. नाव लिहीत नाही, समजून घ्या. वय ४६, निलंगा तालुक्यात आमचं गाव. मालक साखर कारखान्यात आहेत, मी घरी शिलाई करते. मुलगा पुण्याला, मुलगी बारावीला. ती झोपल्यावर तिच्या मोबाईलवरून हे लिहूलाले.

मार्चपासून मला खालच्या जागी खाज आहे. आधी वाटलं उन्हाळा आहे, दिवसभर मशीनवर बसणं, घामानं झालं असंल. स्टुलावर जुनं सुती लुगडं घडी करून टाकलं, परकर दिवसातून दोनदा बदलला. फरक नाही. एप्रिलात अंगावरून पांढरं जायला लागलं. नासलेल्या दुधाचा चोथा असतो तसं, वास फारसा नाही. लघवीला बसलं की बाहेरच्या कातडीला मीठ चोळल्यासारखी आग होते. रात्री तर पायावर पाय आवळून पडून राहते. आता छातीखालच्या घडीत पण लाल चट्टा आलाय.

आधी गावात येणाऱ्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. त्यानं उलट वाढलं. मग मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणली. पहिले चार दिवस इतकं बरं वाटलं की मी देवाला नारळ फोडला. पाचव्या दिवशी परत सुरू, आणि कातडी पातळ, चकचकीत झाली. नंतर एका लेडी डॉक्टरनं एकच कॅप्सूल दिली, त्यानं पंधरा-वीस दिवस सुटका झाली. परत आलं. परत कॅप्सूल, परत आलं. आता ही चौथी खेप.

मागच्या महिन्यात एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. पिशवीला सूज आहे म्हणले, आत्ताच काढून टाका, पुढं कॅन्सर झाला तर आमच्याकडं येऊ नका. ३५ हजार सांगितले. नवरात्र झालं की यायचं असं ठरलंय. तिथल्या बाईंनी सगळ्यांसमोर म्हणलं, जरा स्वच्छता ठेवत जा. मला ते फार लागलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा आमच्या गावात दोन घागरीत घरादाराच्या अंघोळी व्हायच्या. तेव्हा मला असं काही झालं नाही. आता दारात बोअर आहे, दिवसातून तीनदा साबण लावून धुते, तरी होतंय.

घरचं तर सांगायलाच नको. आत्याबाई म्हणतात बाहेरचं आहे, उतारा टाक. मालक तोंडानं काही म्हणले नाहीत, पण दोन महिन्यांपासून त्यांनी अंथरूण वेगळं टाकलंय. त्यांना पण थोडं लाल झालं होतं, तेव्हापासून. मी त्यांच्याकडं बघून काय समजायचं आणि त्यांनी माझ्याकडं बघून काय समजायचं, दोघंही बोलत नाहीत.

आता साखरेचं का विचारते ते. परवा आमच्या गावच्या आशाताई ब्लाऊज शिवायला आल्या. माप घेताना मी जरा अवघडून उठले ते त्यांनी बघितलं. त्यांनी विचारलं, तहान लागते का जास्त? रात्री लघवीला किती वेळा उठता? मी म्हणलं तीनदा तरी. वजन उतरलंय का? तेव्हा मी गप्पच झाले. कारण मी माझे स्वतःचे ब्लाऊज मागच्या दिवाळीला ३८ च्या मापात शिवले होते आणि या श्रावणात ३६ ला शिवले. मला वाटलं, काम जास्त पडलं, उतरलं अंग, बरंच झालं. त्या म्हणल्या, एकदा साखर बघा.

माझी माय साखरेनंच गेली. आधी पायाचं बोट काढलं, मग पाऊल. त्यामुळं शब्द ऐकला तरी पोटात खड्डा पडतो. पण साखरेचा आणि या खाजेचा खरंच संबंध असतो का? आणि पिशवी काढल्यावर हे थांबंल का? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सांगा, पाया पडते.

गंगापूरची लेक, रात्री १२:१५

ताई, मला साखरेचं माहीत नाही, पण ऑपरेशनची घाई करू नका. माझ्या जाऊबाईंची ३४ व्या वर्षी पिशवी काढली, पांढरं जातं म्हणूनच. पांढरं जायचं ते जातंच आहे, वरून कंबर आणि हाडं दुखायला लागलीत. तोपर्यंत कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आतून धुवा, मला बरं वाटायचं.

निवृत्त सिस्टर (परभणी), सकाळी ६:५०

पहाटे उठल्यावर हे वाचलं आणि चहा ठेवायच्या आधी लिहायला बसले. वयानं मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. एकतीस वर्षं एएनएम म्हणून नोकरी केली, आधी जिंतूर तालुक्यात, नंतर गंगाखेडकडं.

हो माय, संबंध आहे आणि फार जवळचा आहे. वर्षात तीन-चार वेळा ही खाज उलटून येते त्या बाईची साखर तपासल्याशिवाय पुढचं काहीच करायचं नसतं. तू तर तहान, रात्रीची लघवी, उतरलेलं अंग हे सगळं स्वतःच लिहिलंयस. ब्लाऊजचं माप ३८ वरून ३६ वर आलं, हे वाचून मी थांबले. न खाण्याचं पथ्य, न कष्टात बदल, आणि बाईचं अंग असं उतरतं तेव्हा शरीराला साखर वापरता येत नसते, ती लघवीतून वाहून जात असते.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडं ग्लुकोमीटर नव्हतं. गरोदर बायांची लघवी बेनेडिक्टच्या औषधानं तपासायचो. काचेच्या नळीत ५ मिली निळं औषध, त्यात ड्रॉपरनं लघवीचे ८ थेंब, आणि नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. साखर नसली तर निळ्याचं निळं. थोडी असली तर हिरवट, मग पिवळं, मग नारिंगी, आणि खूप असली तर विटेसारखा लाल गाळ. एक पन्नाशीची बाई दर महिन्याला यायची, पांढरं जातं, आग होते. मी आत ठेवायच्या गोळ्या द्यायचे आणि वर म्हणायचे, बाई, स्वच्छ राहत जा. एके दिवशी दिवा पेटलेलाच होता, गर्दी नव्हती, तिची लघवी घेतली. बघता बघता नळीतलं निळं विटकरी झालं. मी नळी धरून तशीच उभी राहिले. चार महिने त्या बाईला मी घाण म्हणत होते आणि तिच्या अंगातून साखर वाहत होती. त्यानंतर स्वच्छतेचं ते वाक्य मी एकाही बाईला बोलले नाही. तुला ते सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता हे होतं कसं ते समजून घे. कँडिडा नावाची बुरशी आहे, तिलाच यीस्ट म्हणतात. ती बाहेरून येत नाही. थोडीफार आपल्या तोंडात, आतड्यात, योनीमार्गात असतेच. तिथले चांगले जंतू तिला आटोक्यात ठेवतात. म्हणूनच अँटिबायोटिक खाल्ल्यावर तुझं वाढलं, त्या गोळ्यांनी चांगले जंतू मारले आणि बुरशीला मोकळं रान मिळालं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही, ती लघवीत उतरते. योनीमार्गातल्या ओलाव्यातही साखर वाढते. तुझे मालक कारखान्यात आहेत, त्यांना विचार, डिस्टिलरीत मळीला यीस्ट लावल्यावर टाकी कशी फसफसते. ती जात वेगळी, पण भूक तीच. त्यात साखर वाढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशीही ढिल्या पडतात, बुरशीला मारायला हव्या तशा धावत नाहीत. त्यामुळं कॅप्सूलनं ती दबते आणि पंधरा दिवसांत परत उठते. छातीखालचा चट्टा बहुधा तिचाच. घडीत, ओलाव्यात, जांघेत, बोटांच्या बेचक्यात ती बसते.

पिशवीचं. ही बुरशी योनीमार्गात असते, पिशवीत नाही. पिशवी काढली तरी योनीमार्ग तिथंच राहतो, साखर तिथंच राहते, खाज तिथंच राहते. गंगापूरच्या ताईंनी जाऊबाईंचं लिहिलं ते मी किती घरांत बघितलं सांगू. २०१९ ला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधान परिषदेत गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणी पांढरं जातं, पोट दुखतं, एवढंच घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. कॅन्सरची भीती घातली की बाई सही करते. त्यात साखर वाढलेली असताना पोट फाडलं तर टाका पिकतो, जखम लवकर भरत नाही. ती तारीख आधी रद्द कर. काढायचीच वेळ आली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊन, साखर ताब्यात आणून काढता येते.

पण मी इथून बघून सांगत नाहीये, हे पण ध्यानात ठेव. पांढरं जाण्याची कारणं अनेक असतात. हिरवट-पिवळं, फेसाळ, माशासारखा वास येणारं असलं तर तो वेगळा संसर्ग, त्याला वेगळं औषध. संबंधानंतर रक्त दिसणं, पाळी गेल्यावर रक्त जाणं, घाण वासाचं लालसर पाणी जाणं, यातलं काही असलं तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी लगेच. तुझ्या लिहिण्यात ते नाही, तरी एकदा आतून तपासून घेच. चौथी खेप आहे, तेव्हा आतल्या स्रावाचा नमुनाही तपासायला सांग, म्हणजे बुरशीची जात कळते.

साखर मात्र उद्याच बघ. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची साखर आणि बीपी मोफत बघतात. रात्री जेवून सकाळी काही न खाता जा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, जेवणानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेह. एचबीए१सी म्हणजे गेल्या तीन महिन्यांचा हिशोब, त्या दिवशी उपास केला म्हणून ती लपत नाही.

तोपर्यंत साबण बंद. नुसत्या पाण्यानं बाहेरून धू, सुती कापडानं टिपून कोरडं कर. आतून काहीच नाही, कडुलिंबही नाही. गंगापूरच्या ताई, तुम्ही मायेनं सांगितलंत, पण आतून धुतलं की ते चांगले जंतूच वाहून जातात.

आणि अंथरुणाचं. ही बुरशी कुणी कुणाला आणून दिलेली नसते, आपल्याच अंगातली असते. मालकांना लाल झालं असलं तर त्यांनाही दाखवू दे, त्यांचीही साखर बघ. मी लिहिलेलं हे त्यांना वाचायला दे.

मोसंबीवाला (अंबड), सकाळी ९:३०

सिस्टरांनी शेवटी पुरुषांचं लिहिलं म्हणून धाडस करतो. आम्ही पुरुष हे कुणाला सांगत नाही आणि त्यातच वाटोळं करून घेतो.

वय ५४, मोसंबीची बाग आहे. पाच वर्षांपूर्वी लिंगाच्या पुढच्या कातडीला बारीक चिरा पडायला लागल्या, आत पांढरा थर, लघवी केली की चरचर. मी आठ महिने घरात कुणाला बोललो नाही. बायकोला काय वाटंल, हीच भीती. कातडी इतकी आवळत गेली की मागं सरेना. शेवटी सर्जनकडं गेलो, त्यांनी सुंता करावी लागेल म्हणून सांगितलं आणि ऑपरेशनआधीच्या तपासण्या लिहून दिल्या. साखर निघाली ३४०. मला मधुमेह आहे हे मला त्या कागदानं सांगितलं.

घरी येऊन आठवलं. बागेच्या बांधावर मी ज्या जागी लघवीला बसायचो तिथं मुंगळ्यांची रांग लागायची. वर्षभर मी ती बघत होतो. मला वाटायचं मोसंबी गळून पडलीय कुठंतरी.

साखर उतरली तशा चिरा भरल्या, कातडीही सैल झाली, ऑपरेशन लागलंच नाही. प्रत्येकाचं असं होईल असं नाही, पण माझं झालं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण ही कुणी सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी हृदयाला स्टेंट बसला, तेव्हा डॉक्टरांनी साखरेची डॅपाग्लिफ्लोझिन ही गोळी नव्यानं चालू केली. एचबीए१सी ७.१ वर आली, मी खूश. आणि दुसऱ्याच महिन्यात खाज परत. साखर चांगली असताना कशी आली? मी गोळी बंद करणार होतो. डॉक्टरांनी समजावलं की ही गोळी कामच असं करते. ती मूत्रपिंडाला साखर परत ओढू देत नाही, दिवसाला साधारण ७० ग्रॅम साखर लघवीतून बाहेर काढते. म्हणजे रक्तात साखर कमी, पण खाली बुरशीला रोज खाऊ. बायकांमध्ये शंभरात दहाएक जणींना हा त्रास होतो, पुरुषांत कमी. एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन याच जातीच्या. ऑक्टोबर २०२० ला डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, भाव उतरले, आता गावोगाव लोक घेतात. पण गोळी लिहिताना खाजेचं बोलायला डॉक्टरलाही वेळ नसतो आणि विचारायला आपल्यालाही लाज.

माझी गोळी चालूच आहे, कारण हृदयाला आणि मूत्रपिंडाला ती फायद्याची आहे. एक आठवडा मलम लावलं, आणि तेव्हापासून प्रत्येक लघवीनंतर पाण्यानं धुवून कोरडं करतो. बागेत जाताना एक लहान बाटली आणि सुती फडकं सोबत असतं. परत आली नाही. मनानं गोळी बंद करू नका. पण त्या जागी किंवा गुदाजवळ दुखणं, सूज, लालपणा आणि सोबत ताप आला तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात जा. असं क्वचित होतं, पण झालं तर तासांचा खेळ असतो, जीव जाऊ शकतो. आणि सिस्टर, ही गोळी घेणाऱ्याची लघवी तपासली तर साखर नेहमीच दिसणार, नाही का?

निवृत्त सिस्टर (परभणी), सकाळी १०:०५

बरोबर आहे दादा. या गोळीवर माणूस असला की लघवीच्या तपासणीवरून साखर ताब्यात आहे की नाही ते ठरवता येत नाही, रक्तच बघायचं. तुम्ही बोललात ते फार चांगलं केलंत. माझ्या नोकरीत बाया यायच्या, त्यांचे मालक दारात उभे राहायचे आणि आत यायचे नाहीत. तुमच्यासारखे किती आठ-आठ महिने सोसत असतील.

मेडिकलवाला (अंबाजोगाई), दुपारी २:२०

काउंटरच्या अलीकडून दोन गोष्टी सांगतो, बावीस वर्षं दुकान आहे.

ताई, तुम्ही लावलेल्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असणार. चार दिवस गार वाटतं, लाली जाते, कारण स्टेरॉइड सूज दाबतं. खाली बुरशी पसरत असते आणि कातडी पातळ होते. तुम्ही लिहिलंय तसंच, चकचकीत. २०१८ ला सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम कडक केला, तरी लोक येऊन नाव घेऊन मागतात आणि दुकानदार देतात. मी देत नाही, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जाऊ द्या.

दुसरी जास्त गंभीर. ती एकच कॅप्सूल बहुधा फ्लुकोनाझोल १५० होती. औषध चांगलं आहे, पण साखरेसाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या माणसानं ती मनानं घेऊ नये. फ्लुकोनाझोल लिव्हरमध्ये त्या गोळीचा निचरा अडवतं, गोळीचा जोर वाढतो आणि साखर एकदम खाली जाते. थरथर, घाम, डोळ्यापुढं अंधारी. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असली तरी धोका. गरोदर बाईनं तर घ्यायचीच नाही. डॉक्टरला चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवायची, मगच ही घ्यायची.

आणि पुन्हा पुन्हा तीच कॅप्सूल घेऊन उपयोग होत नसेल तर बुरशीची जात वेगळी असू शकते. कँडिडा ग्लाब्राटा नावाची एक आहे, मधुमेहींमध्ये ती जास्त सापडते आणि फ्लुकोनाझोलला सहज दबत नाही. सिस्टर म्हणल्या तो नमुना तपासून घ्या.

मांजराकाठची (जि. लातूर), २६ दिवसांनी, रात्री १०:५०

सगळ्यांना माझा नमस्कार. उशीर झाला, पण सगळं हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

सिस्टरांचं वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी गेले. उपाशीपोटी १८८. जेवणानंतर २९६. एचबीए१सी ९.४. कागद हातात घेतला तेव्हा मायचं पाऊल डोळ्यासमोर आलं, मी तिथल्या बाकावर बसून रडले. मग तिथल्या मॅडमनी जवळ बसून सांगितलं, तुमच्या आईला उशिरा कळलं असंल, तुम्हाला आज कळलंय. त्यांनी आतून तपासलं, नमुना घेतला. बुरशीच निघाली, साध्या जातीची. फ्लुकोनाझोलच्या तीन गोळ्या दिल्या, पहिल्या दिवशी, चौथ्या दिवशी, सातव्या दिवशी. साखरेला मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी पण केली, ठीक आहे म्हणल्या. पिशवीची सूज या वयात अशी दिसते, काढायचं काही कारण नाही, हे पण त्याच म्हणल्या.

बाराव्या दिवशी खाज पूर्ण थांबली. मार्चनंतर पहिल्यांदा सलग पाच तास मशीनवर बसले, दिवाळीचे अकरा ब्लाऊज दिले.

नवरात्र मध्येच आलं. मी लग्नापासून नऊ दिवस धरते. मॅडम म्हणल्या, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ, साखर चढवतो, आणि गोळ्या चालू असताना उपाशी राहणं पण नको. मी उठता-बसता दोनच उपास धरले. घटासमोर बसून देवीला सांगितलं, बाकीचे सात तुझ्या पायाशी ठेवते. त्या दोन दिवसांत पण भगर, ताक आणि काकडी, साबुदाणा नाही.

मालकांना सगळे उत्तर वाचायला दिले. मोसंबीवाल्या दादांचं त्यांनी दोनदा वाचलं. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून थेट तपासायला गेले. त्यांची उपाशीपोटी १४२ निघाली, अजून एकदा बघायला सांगितलंय. त्या रात्री त्यांनी अंथरूण उचलून परत माझ्या शेजारी टाकलं. म्हणले, मी तुला विचारायला पाहिजे होतं.

त्या दवाखान्यातून दोनदा फोन आला. मी येत नाही म्हणून सांगितलं.

सिस्टर, एक राहिलं. आत्याबाईंच्या तोंडात दोन महिन्यांपासून आग होते, तिखट लावून घेत नाहीत. काल मी बॅटरीनं बघितलं. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर, आणि कवळी काढली तर वरचा टाळू लालभडक. त्या कवळी रात्री पण काढत नाहीत. हे पण तेच असंल का?

निवृत्त सिस्टर (परभणी), सकाळी ६:३०

वाचून डोळे भरून आले गं माय.

आत्याबाईंचं तेच असण्याची शक्यता बरीच आहे. तोंडात पण तीच बुरशी बसते, कवळीखाली ओलावा आणि उब मिळते. दम्याचा स्टेरॉइडचा पंप ओढत असतील आणि नंतर चूळ भरत नसतील तरी होतं, तेही विचार. रात्री कवळी काढून, ब्रशनं घासून स्वच्छ पाण्यात ठेवायला सांग. तोंड डॉक्टरांना दाखव, त्याचं औषध वेगळं मिळतं. आणि त्यांची साखर बघितल्याशिवाय राहू नको.

मालकांची दुसरी तपासणी आहे त्याच दिवशी त्यांना सोबत ने. रात्रीच बजावून ठेव, सकाळी चहा प्यायचा नाही. म्हातारी माणसं चहाला धरत नाहीत आणि तिथं जाऊन सांगतात, मी काहीच खाल्लं नाही.